‘काही बरंवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांची मुलं यंदा सहलीला जाणार आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

परवा मुलीने दप्तरातून एक कागद काढून दिला. सहलीचं संमतीपत्र. आठवी-नववीची मुलं, तीन एसटी, पहाटे पाचला निघायचं, सकाळी किल्ला, दुपारी समुद्रकिनारा, रात्री परत. पैसे किती भरायचे, दोन वेळचा डबा, टोपी आणा, मोबाइल आणू नका, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आणि सगळ्यात खाली ती ओळ, जी मी वर शीर्षकात दिली आहे. तिच्यापुढे पालकाची सही.

किल्ल्यावर मुलांना नेणार कोण, सगळ्यात मागे कोण चालणार, किनाऱ्यावर किती वाजता पोचणार, पाण्यात उतरायचं की नाही, यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं.

खरं सांगतो, मी पेन काढलंही होतं. आपण सगळेच करतो सही. मग हात थांबला, कारण रायरेश्वर आठवला.

२००४ सालचा ऑगस्ट. मी २३ वर्षांचा, पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झालेला, आणि आमच्या गल्लीतल्या मंडळाची ३१ पोरं दोन टेम्पोत भरून रायरेश्वरला निघालेलो. लीडर मीच. का, तर मी आधी दोनदा जाऊन आलो होतो. एवढीच पात्रता. शिडी चढून वर गेलो, मंदिरात दर्शन झालं, नारळ फोडला, आणि पठारावर फिरायला निघालो. ज्यांनी पावसाळ्यातला रायरेश्वर पाहिलाय त्यांना सांगायला नको. लांबलचक पठार, धुकं आलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मी सगळ्यात पुढे, मोठ्या पोरांबरोबर गप्पा हाणत. मागे कोण होतं? मागे कुणीच नव्हतं. म्हणजे पोरं होती, पण ‘मागचा माणूस’ म्हणून कुणाला नेमलेलं नव्हतं.

परतताना शिडीपाशी मोजलं, २९ भरले. पुन्हा मोजलं. २९. त्याआधी मी मोजलं होतं ते सकाळी टेम्पोत.

सातवीतली दोन पोरं नव्हती. पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. हाका मारून घसा बसला, आणि पठाराच्या कडेकडेने चालताना खाली बघायचं धाडस होत नव्हतं. शेवटी वरच्या जंगमांच्या एका घरात सापडली. चुलीपुढे बसून चहा पीत होती. तिथल्या आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पोरं तुझीच का रं? मोजून आणत जा की.” बस्स, एवढंच. संध्याकाळी सगळ्यांना घरी सोडलं आणि दोघांच्याही आईबापांना काहीच सांगितलं नाही. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितोय. त्यातले एक काका ही पोस्ट वाचतील. काका, माफ करा.

पुढे बऱ्याच वर्षांनी बातमीच्या निमित्ताने वाचता वाचता स्कॉटलंडमधली एक घटना समोर आली. नोव्हेंबर १९७१. केर्नगॉर्म नावाचं डोंगराळ पठार. उंची म्हणाल तर आपल्या रायरेश्वराहून थोडी कमीच, पण तिथे हिवाळ्यात बर्फ आणि असा वारा की माणूस उभा राहू शकत नाही. एडिनबरामधल्या एका शाळेची १५-१६ वर्षांची मुलं शनिवार-रविवार डोंगरात आली होती. नेणारा शिक्षक अनुभवी गिर्यारोहक. वय २३. हे वाचलं आणि मी लॅपटॉप थोडा वेळ बंदच केला.

त्याने मुलांचे दोन गट केले. जोरात चालणारी मुलं त्याच्याबरोबर. हळू चालणारी मुलं त्याच्या मैत्रिणीबरोबर, जी शारीरिक शिक्षणाची विद्यार्थिनी होती, वय २०च्या आसपास, आणि तिच्या मदतीला १८ वर्षांची एक शिकाऊ मुलगी. म्हणजे सगळ्यात कच्ची मुलं कमी अनुभवाच्या हातात, आणि सगळ्यात पक्का माणूस पक्क्या मुलांबरोबर. विचार करा, आपल्याकडच्या प्रत्येक ट्रेकला हेच होतं की नाही? ‘फास्ट ग्रुप’ लीडरबरोबर पुढे, आणि ज्यांचे बूट चावतायत, दम लागलाय, रडू येतंय ती पोरं एखाद्या कॉलेजातल्या स्वयंसेवकाबरोबर मागे.

हवा बिघडली तर काय, याचाही बेत त्यांनी केला होता. पठारावरच दगडाची एक लहानशी झोपडी होती, तिथे रात्र काढायची. हवा बिघडलीच. पुढचा गट कसाबसा झोपडीत पोचला. मागचा गट नाही पोचला. उडत्या बर्फात जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं कळत नाही, त्यात ती एवढीशी झोपडी सापडणार कशी? त्यांनी उघड्यावरच मुक्काम केला. एक रात्र, मग दुसरी रात्र. मधल्या दिवशी त्या मुलीने एका मुलाला बरोबर घेऊन मदत आणायचा प्रयत्न केला, पण बर्फात पाय निघेना. पुढचा गट रविवारी खाली उतरला, तेव्हा कळलं की मागचे आलेच नाहीत. रात्रभर शोध चालला. सोमवारी सकाळी हेलिकॉप्टरमधून ती दिसली. मदत आणायला गुडघ्यांवर रांगत निघाली होती.

पाच मुलं आणि ती १८ वर्षांची शिकाऊ मुलगी, असे सहा जण थंडीने गेले. त्या गटातला एक मुलगा आणि ती स्वतः, दोघंच वाचले.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पर्यायी बेत त्यांच्याकडे होता, पण तो वरचा होता. हवा खराब झाली तर आणखी वर, पठाराच्या पोटात शिरायचं, असा. आपला वाटाड्या असं कधी करणार नाही. पावसाने जोर धरला की तो पहिली गोष्ट म्हणतो, “साहेब, खाली चला.” संकटातला बेत हा नेहमी खाली उतरणारा, वस्तीकडे जाणारा हवा. काही वर्षांनी ती झोपडी पाडून टाकली गेली. त्यावरही तिथे भरपूर वाद झाला, कारण काहींच्या मते झोपडीने जीव वाचतात. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पण तिच्या आशेने लोक वादळातही पुढे चालत राहतात, हा मुद्दा शेवटी जड ठरला.

चौकशी झाली. तिथे तेव्हा अशा चौकशीला ज्युरी बसायची. त्यांनी कुणाला सुळावर चढवलं नाही, आणि मुलांनी डोंगरात जाऊच नये असंही म्हटलं नाही. उलट साहसाची हौस मारू नका असाच सूर होता. पण मुलांची तयारी बघा, नेणारा शिकलेला असू द्या, आणि शाळेने पालकांशी नीट बोलावं, असं सांगितलं. ब्रिटनमध्ये डोंगरात गट नेणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची योजना १९६४ पासूनच होती. ही घटना घडल्यावर शाळा आणि शिक्षण खाती तिच्याकडे गंभीरपणे बघू लागली.

म्हणजे संमतीपत्राचा उद्देश मुळात काय, तर पालकाला कळावं की मूल कुठे जाणार आहे, काय करणार आहे, कुणाबरोबर. आपल्याकडे येईपर्यंत त्या कागदातली माहिती गळून गेली आणि फक्त सही उरली.

आता दुसरी घटना. ही समुद्रातली. २२ मार्च १९९३, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची लाइम बे. प्लिमथच्या शाळेतली आठ मुलं, सोळा-सतरा वर्षांची, एक शिक्षक, आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक. कयाकमधून, म्हणजे एकेकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्यांतून, किनाऱ्याकिनाऱ्याने शेजारच्या गावापर्यंत जायचं. दोनेक तासांचं काम. निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षकांची होडी पुन्हा पुन्हा उलटायला लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, दुसरी मुलांबरोबर. वाऱ्याने मुलं समुद्रात आत ओढली गेली आणि दोन्ही गटांची ताटातूट झाली. जवळ वायरलेस नाही, धोक्याची खूण करणारे फ्लेअर नाहीत. प्रशिक्षक म्हणून दिलेल्या दोघांचं स्वतःचं शिक्षण अगदी प्राथमिक. दुपारच्या जेवणापर्यंत परत यायला हवी होती ती मुलं आली नाहीत, तरी तटरक्षक दलाला कळवायला दुपार उलटून गेली. चार मुलं गेली.

किनाऱ्यावर घड्याळाकडे बघत बसलेला एक माणूस असता आणि ‘अमुक वाजेपर्यंत आले नाहीत तर फोन करायचा’ एवढंच त्याला सांगितलेलं असतं, तर त्या दिवसाचा निकाल कदाचित वेगळा लागला असता. मी रायरेश्वरला गेलो तेव्हा खाली गावात कुणाला सांगून गेलो होतो? कुणालाच नाही. टेम्पोवाल्यांना आम्ही किती वाजता उतरणार हे माहीत नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

त्या केंद्रात आधी काम करणाऱ्या प्रशिक्षकांनी आदल्याच वर्षी नोकरी सोडताना मालकाला पत्र लिहून इथे सुरक्षेची साधनं धड नाहीत, हे कळवलं होतं. ते पत्र कोर्टात पुढे आलं. १९९४ मध्ये कंपनीच मनुष्यवधासाठी दोषी ठरली. ब्रिटनमध्ये कंपनी म्हणून अशी शिक्षा होण्याची ती पहिली वेळ. संचालकाला तीन वर्षांची कैद झाली, अपिलात दोन झाली. गेलेल्या मुलांचे आईबाप गप्प बसले नाहीत, आणि १९९५ मध्ये संसदेने कायदा केला, की मुलांना पैसे घेऊन साहसी उपक्रमांना नेणाऱ्या केंद्राला परवाना लागेल. तपासणी होईल, मगच परवाना.

आणि ती आपली खालची ओळ? ब्रिटनमध्ये १९७७ पासूनच कायदा आहे, की निष्काळजीपणामुळे कुणी मेलं किंवा जखमी झालं तर ‘आम्ही जबाबदार नाही’ असं व्यवसायाने लिहून घेतलेलं ग्राह्य धरलं जात नाही. कितीही सह्या घ्या.

आपल्याकडे वळू. आपली डोंगराची परंपरा काही लहान नाही. १९५३ मध्ये तेनसिंग एव्हरेस्टवर गेले, १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ स्थापन झाली. १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट. तिथले कोर्स करून आलेल्या मराठी पोरांनी सह्याद्रीतले सुळके पालथे घातले, आपापल्या गावात क्लब काढले. यातल्या जुन्या संस्थांत नवख्याला आधी मागे चालायला शिकवतात, पुढे नंतर. आजही कुठे कुणी दरीत अडकलं की रात्री दोन वाजता दोर घेऊन जाणारी हीच मंडळी असतात, पदरचं पेट्रोल घालून. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे.

पण त्या शिस्तीच्या बाहेर दुसरं जग तयार झालं. व्हॉट्सॲपवर पोस्टर टाकायचं, ‘ओन्ली ९९९, ब्रेकफास्ट इन्क्लूडेड’, आणि पन्नास-साठ अनोळखी लोक एका बसमध्ये. लीडर म्हणजे ज्याने गेल्या महिन्यात तोच ट्रेक केला तो. (२००४ मधला मी, फक्त मी पैसे घेत नव्हतो.)

साहसी उपक्रमात मुलगा गमावलेले एक आईवडील मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षं लढले, म्हणून आपल्या सरकारला नियम करावे लागले. २०१४ मध्ये शासन निर्णय निघाला, त्यावर गिर्यारोहक संस्थांनीच आक्षेप घेतला, की हे टेबलावर बसून लिहिलंय. २०१८ च्या जुलैत सुधारित निर्णय आला, आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण, नोंदणीसकट. प्रशिक्षित नेता, प्रथमोपचार, आपत्कालीन योजना, नोंदी ठेवणं, सगळं कागदावर आहे. किती जणांनी वाचलंय, हा प्रश्न तुम्हीच तुमच्या ओळखीच्या आयोजकाला विचारून बघा. चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि मुरुड. १ फेब्रुवारी २०१६. पुण्यातल्या कॉलेजची सहल, मुरुडचा किनारा, दुपारची वेळ. १४ विद्यार्थी बुडाले. तो किल्ला नव्हता, सुळका नव्हता, वादळ नव्हतं. वाळूचा सपाट, शांत दिसणारा किनारा. म्हणूनच तिथे कुणाला ‘आपण गट नेतोय’ असं वाटत नाही. बसमधून उतरलं की शिक्षक चहाच्या टपरीकडे आणि पोरं पाण्याकडे, हे मी स्वतः कितीतरी किनाऱ्यांवर पाहिलंय. आपण भोरसारख्या डोंगरातल्या भागातली माणसं. आपल्या पोरांना धरणाचं पाणी माहीत, ओहोटीची ओढ माहीत नाही. कोकणातला कोळी तिथी बघून भरती सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास येतो, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढचे सहा तास पाणी मागे ओढतं. इतकं सोपं गणित आहे, पण ते किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावं लागतं.

मुरुडनंतर शिक्षण खात्याने सहलींसाठी कडक सूचना काढल्या. इथे मला मुख्याध्यापकांचीही बाजू सांगितली पाहिजे. परवानग्या, दाखले, याद्या, हमीपत्रं, एवढं करून एखाद्या पोराचा पाय मुरगळला तरी पालक शाळेत येऊन टेबल बडवतात. त्यामुळे कितीतरी शाळांनी डोंगर सोडून वॉटर पार्क धरलं. काहींनी सहलच बंद केली. तेही मला पटत नाही. ज्या पोराने भोरमध्ये राहून रोहिडा बघितला नाही, त्याने इतिहासाच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवले तरी काय मिळवलं?

पण मग घाबरलेली शाळा काय करते, तर ती ओळ लिहिते. आणि त्या ओळीने शाळाही वाचत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, जुनं ३०४-अ, निष्काळजीपणाने मृत्यू. तो फौजदारी गुन्हा पालकाच्या सहीने पुसला जात नाही. म्हणजे पालकाला त्या कागदातून माहिती मिळत नाही आणि शाळेला संरक्षण मिळत नाही. मग तो कागद कुणासाठी?

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही हो. वारी बघा. प्रत्येक दिंडीला नंबर, रथाच्या पुढे कोण, मागे कोण हे ठरलेलं, चोपदार आहे, म्हातारी माणसं आहेत आणि तरी लाखो माणसं चालत पंढरपूरला पोचतात. धनगर मेंढरं नेतो तेव्हा कळपाच्या मागे माणूस असतोच, कारण लंगडं कोकरू मागेच राहणार हे त्याला ठाऊक असतं. आम्ही शिकलेल्यांनी पुढे चालण्यालाच नेतृत्व समजायला सुरुवात केली.

तर मी काय केलं ते सांगतो. ती छापील ओळ खोडली नाही, भांडायला शाळेतही गेलो नाही. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार प्रश्न लिहिले. मुलांच्या सगळ्यात मागे कोण चालणार, त्यांचं नाव. किल्ल्यावर आणि बसमध्ये मोजणी कधी कधी होणार. कितीही वाजले असले, कितीही उरलं असलं तरी किती वाजता परत फिरायचं. आणि मुलं वेळेत आली नाहीत तर इकडे गावात कुणाला फोन येणार. खाली लिहिलं, उत्तरं आली की सही करतो.

मुलगी रडकुंडीला आली. “बाबा, सगळ्यांच्या पप्पांनी सही दिली, तुमचंच काहीतरी असतं.” बरोबर आहे तिचं. नववीत असताना मलाही असा बाप नको होता.

काल रात्री नऊ वाजता तिच्या बाईंचा फोन आला. मी ओरडा खायच्या तयारीने उचलला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, “दादा, मागे कोण चालणार हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आम्ही सहा जणी आणि दोन सर आहोत. मी स्वतः तो किल्ला चढलेले नाही.” मग थोडं थांबून विचारलं, “तुमच्या ओळखीत तिथला कुणी वाटाड्या आहे का?”

आहे. नंबर दिलाय. किनाऱ्याचं काय करायचं, यावर उद्या शाळेत बसणार आहोत. बाईंनी आणखी तीन पालकांना बोलावलंय, मुख्याध्यापकही येतो म्हणालेत. ज्यांची मुलं त्याच सहलीला आहेत त्यांनी यावं, साडेअकराला. सहल पुढच्या शनिवारी आहे, आणि माझा कागद अजून दप्तरातच आहे.